मूषकांचा सुवर्णकाळ

मधुमेह व्हायचाच असेल, तर तो प्रयोगशाळेतल्या विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदराच्या जन्माला येऊन व्हावा, असं आमचं आता ठाम मत झालं आहे. त्याच्या मूत्रपिंडांसाठी मेथी, कारलं, जांभळाची बी, गुळवेल, शेवगा सगळे राबतात. परसातलं पानसुद्धा या सेवेतून सुटलेलं नाही. आधी स्ट्रेप्टोझोटोसिनचं इंजेक्शन देऊन त्याला मधुमेह सन्मानपूर्वक बहाल करायचा, मग किलोमागे 200 किंवा 400 मिलिग्रॅम अर्क रोज नळीने थेट पोटात. क्रिएटिनिन उतरतं, लघवीतलं अल्ब्युमिन उतरतं, शोधनिबंध छापून येतो. चवीबद्दल एकाही उंदराने तक्रार केलेली नाही.

माणसांचं काय, असं विचारणारे कोते लोक असतातच. हिशेब सोपा आहे. 70 किलोच्या गृहस्थाने त्यातल्या मोठ्या मापाने रोज 28 ग्रॅम अर्क घ्यावा. न झेपल्यास वजन पाव किलोवर आणावं.

सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून 1835 साली फ्लोरिझिन नावाचं द्रव्य निघालं आणि त्याच धाग्याने पुढे मूत्रपिंडं राखणारी डापाग्लिफ्लोझिनची गोळी आली, हे खरं. पण त्यासाठी हजारो माणसांवर चाचण्या कराव्या लागल्या. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? शिवाय त्या पाकिटावर हिरवं पानही नसतं.

उंदराकडे मात्र शेवटपर्यंत जातीने लक्ष असतं. प्रयोग संपताच त्याचं मूत्रपिंड सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं जातं. ते उत्तम स्थितीत आढळलं. भोवतीचा उंदीर तेवढा राहिला नव्हता.