कक्षेबाहेर

आमच्या खालच्या मजल्यावरचे नाना जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले आणि वस्तू तपासू लागले. 34 वर्षं बिलांवर शेरे मारले, आता वस्तूंवर. भाच्याने मोबाइलवर चॅनेल काढून दिलं. पहिल्या महिन्यात नानांनी छत्री, मिक्सर, दाढीचं ब्लेड, हिंगाची डबी, सगळ्यांची हजेरी घेतली. बघणारे 11. त्यात मी दोनदा.

"मामा, असं नाही चालत," भाचा म्हणाला. "एकच विषय धरा. अरुंद पाहिजे."

'अरुंद' हा शब्द नानांना फार आवडला. स्वयंपाकघर धरलं, आठवड्यात ते रुंद वाटलं. मग भांडी. मग नुसता कुकर.

तिथे थांबले असते तर मी हे लिहायला बसलो नसतो, कारण कुकरवर नाना खरंच छान बोलायचे. एरवी 100 अंशांना उकळणारं पाणी कोंडलेल्या वाफेत 120च्या आसपास जातं, म्हणून तूरडाळ पटकन शिजते. आतल्या झाकणाच्या कुकरात वाफच झाकण कडेला दाबून धरते, त्यामुळे वाफ असेपर्यंत ते उघडत नाही. पाणी आटलं तर सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. शिट्टी हे घड्याळ नव्हे, शिट्ट्या मोजणं हे अडाणीपण, हेही त्यांनी काकूंच्या देखत कॅमेऱ्यात सांगितलं. काकूंनी त्या दिवशीही शिट्ट्या मोजूनच भात लावला. नानांनी दोनदा वाढून घेतला.

मग कुणीतरी कळवलं, "आमचा बाहेरच्या झाकणाचा कुकर 20 वर्षं बिनतक्रार चाललाय." नाना दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, यापुढे फक्त आतल्या झाकणाचे. स्टीलवाल्यांनी हरकत घेतली, स्टील गेलं. कुणी 5 लिटरवरून वाद घातला, 5 लिटर गेलं. तक्रार आली की 'सदर बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही' असं लिहायची नानांची जुनी सवय. भाच्याला वाटलं मामा विषय शोधतायत. मला विचाराल तर ते वाद नसलेली जागा शोधत होते.

ती सापडली. 3 लिटर, ॲल्युमिनियम, आतलं झाकण, आणि त्यातही फक्त गॅस्केट. काकू त्याला रबर म्हणतात. नानांनी तुळशीबागेतून सात आणली, शिंप्याच्या टेपने ताणून मोजली, उकळून पुन्हा मोजली, वास घेतला, वहीत लाल शाईने रकाने आखले. आता खोडून काढणारा कुणी उरला नाही. बघणाराही एकच. मी त्यांना सांगितलेलं नाही.

परवा आमच्याकडे पाहुणे जेवायला आणि कुकर कडेने फुसफुसायला लागला. शिट्टी होईना. मी धावत खाली गेलो. "नाना, जरा बघता का? रबराचंच काहीतरी आहे."

नाना वही घेऊन आले. गॅस बंद करून खाली वाकले, चष्मा सारखा केला.

"किती लिटर?"

"पाच."

"मग कक्षेबाहेर," नाना म्हणाले आणि वही मिटली.

"सरका हो," मागून काकू आल्या. वाफ जाऊ दिली, रबर काढून धुतलं, दहा मिनिटं फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं, पुन्हा बसवलं आणि गॅस पेटवला.

तीन शिट्ट्या झाल्या. नानांनी मोजल्या.