तक्रार नोंदवायला जागा नाही

माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही, आणि हीच माझी मुख्य तक्रार आहे.

घरातला राउटर कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालत होता, तोवर वाय-फाय अधूनमधून बंद पडायचं. पण शिव्या कोणाला घालायच्या हे ठरलेलं होतं. कस्टमर केअरचा माणूस 'बंद करून चालू करा' म्हणायचा, आपण चार शब्द सुनवायचे, तो आभार मानायचा. मग मी राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी नावाचं सॉफ्टवेअर चढवलं आणि हे सुख संपलं.

त्याचं मूळ थोडक्यात असं. २००२च्या अखेरीस लिंकसिसने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राउटर आणला. त्याच्या पोटात लिनक्स निघालं, आणि लिनक्सच्या परवान्याला जागून कंपनीला २००३मध्ये सोर्स कोड खुला करावा लागला. २००४मध्ये त्यातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं आणि जगभरातल्या अनेक सज्जनांचे रविवार मार्गी लागले. सॉफ्टवेअर फुकट आहे, उघडं आहे, उत्तम आहे. परवान्यात एवढंच स्वच्छ लिहिलंय की कसलीही हमी नाही. म्हणजे भांडण सुरू होण्याआधीच मिटलेलं.

तर राउटरमधलं ५ गिगाहर्ट्‌झचं वायरलेस कार्ड गेलं. आमच्याकडे ते मिनी पीसीआय-एक्सप्रेस खाचेत बसतं: ३० बाय ५१ मिलिमीटरची पट्टी, दोन स्क्रू. बाकीचा राउटर ठणठणीत. म्हैसूरच्या देवराज अर्स रस्त्यावरच्या दुकानदाराने माझ्या हातातल्या कार्डाकडे बघून मान हलवली. "इल्ला सार. होसदु तगोळ्ळी." नाही मिळणार, नवाच राउटर घ्या. फारच आग्रह केला तेव्हा त्याने खणातून लॅपटॉपचं एक इंटेल कार्ड काढलं. "सेम, सार." खाच सेम होती, हे त्याचं खरं. पण इंटेलची ही कार्डं जोडून घेण्यासाठी जन्मलेली. ५ गिगाहर्ट्‌झवर स्वतः नेटवर्क उभारायला कंपनीने त्यांना मज्जाव केलेला असतो. मी हे त्याला समजावून सांगितलं. त्याने अतिशय शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला चार्जर दाखवला.

दुरुस्ती की नवं, हा वाद आमच्या मोहल्ल्याला नवा नाही. ऑगस्ट २०१६मध्ये देवराज मार्केटचा एक भाग ढासळला. शंभरी ओलांडलेली ही इमारत डागडुजी करून राखायची की पाडून नवी बांधायची, यावर तज्ज्ञांच्या समित्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. आत मल्लिगेचे गजरे आणि विड्याची पानं विकणं चालूच राहिलं. माझ्या राउटरवरही घरात समिती बसली. बहुमत पाडण्याच्या बाजूचं होतं. मी वारसा जपण्याच्या बाजूने एकटा, पण स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे होता.

क्वालकॉमच्या चिपचं कार्ड शेवटी ऑनलाइन मागवलं. जुन्या कार्डाला अँटेनाच्या तीन वायरी होत्या, नव्यावर जागा दोन. तिसरी वायर काय करायची हे कोणीच सांगत नाही. तिच्या टोकाला टेप लावून मी तिला पेटीत आडवी निजवली आहे. ती सध्या कुटुंबातली सर्वांत निवांत सदस्य. उरलेल्या दोन वायरींच्या टोकांना यू.एफएल नावाची बटणं असतात. कार्डावरच्या त्यांच्या खोबणीचा व्यास दोन मिलिमीटर, आणि बनवणाऱ्यांच्या हिशेबात ती तीस वेळा लावण्या-काढण्यापुरतीच. चष्मा घातला तर बटण दिसतं, पण बोट मध्ये येतं. बोट काढलं तर बटण निसटतं. 'टक्' असा आवाज आला की बसलं म्हणायचं. नेमक्या त्याच क्षणी आई खालून विचारते, "नेट आलं का रे?"

आलं नव्हतं. नव्या कार्डाला नवा ड्रायव्हर लागतो आणि तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो, त्यामुळे लॅपटॉप केबलने राउटरला बांधून बसलो. ड्रायव्हर बसल्यावर राउटरने कार्ड ओळखलं, पण जुन्याची सेटिंग द्यायला साफ नकार दिला. त्याच्या वहीत जुन्या कार्डाचा पत्ता वेगळा. म्हणून नव्याला 'रेडिओ२' असं नाव दिलं आणि पुढे लिहिलं, 'डिसेबल्ड'. ओपनडब्ल्यूआरटीत हीच रीत आहे. वाय-फाय मालकाने चालू करेपर्यंत बंदच असतं. इतकी मर्यादाशील वस्तू घरात दुसरी नाही.

चालू केलं तर कार्ड ऐकायला लागलं, बोलेना. शेजाऱ्यांची सगळी नेटवर्कं यादीत. आमचं कुठेच नाही. कारण देश सांगितला नव्हता. देश ठरला नाही तर कार्ड सगळ्या जगाचे कायदे पाळतं, म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झवर मौन धरतं. आपल्या सरकारने २००५मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा विनापरवाना केला, आणि ऑक्टोबर २०१८मध्ये ५ गिगाहर्ट्‌झमधले ६०५ मेगाहर्ट्‌झ खुले केले. दिल्लीने दिलेली परवानगी म्हैसूरच्या माळ्यावर पोचवायची तर 'आयएन' ही दोन अक्षरं मीच टंकायची. टंकली. कार्ड बोललं.

आता वाय-फाय उत्तम चालतं, फक्त आमच्या चुन्याच्या जाडजूड भिंतींमुळे स्वयंपाकघरात पोचत नाही. त्याचा दोष जिने घर बांधलं त्या पिढीला द्यावा, तर ती फोटोत जाऊन बसलेली.

दसऱ्याची मिरवणूक बघायला पुण्याहून भाचा आला. सयाजीराव रस्त्यावर हत्ती यायला वेळ होता, म्हणून त्याने पासवर्ड मागितला, स्पीड मोजला आणि म्हणाला, "मामा, आमच्याकडे जास्त येतो. राउटर कनेक्शनबरोबर फुकट मिळाला." मी विचारलं, आत कार्ड कुठलं आहे? तो म्हणाला, "उघडता येत नाही. एकसुद्धा स्क्रू नाही त्याला."

सुखी माणसाच्या अंगात सदरा नव्हता म्हणतात. त्याच्या राउटरलाही स्क्रू नसणार.