चार अंशांचे तात्या

तात्यांची मेस पुण्याच्या सदाशिव पेठेत आहे, पण तात्या काही एकट्या पेठेची मालमत्ता नव्हेत. इडलीच्या गाडीवर, बेकरीच्या भट्टीशी, फरसाणाच्या कारखान्यात, पापड-लोणच्यांच्या घरगुती उद्योगात हा माणूस हटकून भेटतो. कुठे त्याला अण्णा म्हणतात, कुठे ताई. ओळखायची खूण एकच : स्वयंपाकघर लख्ख आणि वही सपशेल कल्पित.

स्वच्छतेच्या बाबतीत तात्यांना नाव ठेवायची कुणाची छाती नाही. पहाटे ओटा धुतल्याचा आवाज वरच्या मजल्यावर माझ्या गजराच्या आधी येतो. मावशींची नखं ते रोज बघतात. डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय पोळपाटाला हात लावू देत नाहीत. पुऱ्यांच्या तेलाला फेस आला, रंग चढला की कढई उतरवतात. तेलातले ‘पोलर’ घटक पंचवीस टक्क्यांवर गेले की ते बाद, हा नियम १ जुलै २०१८ पासूनचा. तात्यांचं नाक त्याहून बरंच जुनं आहे. दुपारचं वरण रात्रीच्या वरणात मिसळायचं नाही, असा त्यांचा दंडक आहे आणि मेसच्या जगात हा जहाल विचार समजला जातो. वर्षातून एकदा सगळ्या मावशींना रिक्षात घालून ते स्वतः डॉक्टरांकडे नेतात, तपासणीचे दाखले आणतात, टायफॉइडची लस टोचवतात.

हे सगळं खरं. लिहायची वेळ आली की मात्र तात्यांमधला कथाकार जागा होतो.

अन्न सुरक्षा कायदा २००६ चा. त्याखालचे परवान्याचे नियम २०११ चे. त्यांतल्या परिशिष्ट चारमध्ये स्वयंपाकघर कसं ठेवावं आणि कशाकशाच्या नोंदी ठेवाव्यात ते सांगितलंय. परिशिष्टाचा नंबर चार आणि फ्रिज पाच अंशांच्या आत ठेवायचा, म्हणजे चारच की! तात्यांना यात दैवी संकेत दिसला. तेव्हापासून त्यांचा फ्रिज चारवर आहे. उन्हाळा असो, थंडी असो, दुधाचं पातेलं गरम गरम आत ढकललेलं असो, चार. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात ती बहुतेक गुरुवारी. दिवसभर पेठेत पंखा फिरत नाही, पण वहीत तात्यांचा फ्रिज चारवर ठाम.

“पाच लिहिलं तर काठावर वाटतं,” तात्या समजावतात, “आणि तीन लिहिलं तर बढाई वाटते.”

थर्मामीटर आहे. एफडीएच्या परवान्याच्या वेळी विकत घेतलेला, प्लॅस्टिकच्या डबीतून अजून बाहेर न आलेला. खंडेनवमीला विळी, सुऱ्या आणि पुरणयंत्राबरोबर त्याची पूजा होते. डबीवर हळदकुंकवाचे इतके थर आहेत की आतला काटा दिसत नाही.

महिनाअखेरीला दुपारची पंगत उठली की तात्या तांदळाच्या पोत्यावर बैठक मारतात. समोर सात-आठ वह्या : फ्रिज, तेल, माल आवक, साफसफाई, झुरळ-उंदरांचा बंदोबस्त, पाणी तपासणी, तक्रार. हातात तीन पेनं. एक निळं, एक काळं आणि एक मुद्दाम अडखळणारं. एकाच शाईत महिना लिहिला तर संशय येतो, हे त्यांना अनुभवानं कळलंय. आठवडा झाला की पेन बदलतं, अक्षराचा कल बदलतो, मध्येच एखाद्या पानाला तेलाचं बोट लागतं. (ते तेलही ताजं असतं, हे नमूद करायला हवं.) रोज जागच्या जागी आकडा टिपायला जेवढा वेळ लागला असता त्याच्या दुप्पट वेळ या कलाकुसरीत जातो, पण हे त्यांना सांगायची सोय नाही. कलावंताला हिशेब विचारू नये.

त्यांची खरी प्रतिभा तक्रार वहीत फुलते. तक्रार वही कोरी ठेवली तर कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणून तात्या दरमहा एक तक्रार स्वतः रचतात. “आमटीत मीठ किंचित कमी वाटले.” पुढे कार्यवाहीच्या रकान्यात : “मीठ किंचित वाढवले.” खाली तक्रारदाराची सही, तीही तात्यांच्या वळणाची. स्पर्धा परीक्षेची मुलं आठवड्यातून तीनदा वांगं येतं म्हणून कंठशोष करतात. त्याचा उल्लेख त्या वहीत आजवर आलेला नाही.

मग एकदा चार मुलांची पोटं बिघडली. (इथंही चारच.) रात्रभर उलट्या, सकाळी सलाईन. गल्लीनं निकाल दिला : मेस. तात्यांचं म्हणणं होतं की कार्ट्यांनी मध्यरात्री चौकात भुर्जी खाल्ली असणार, आणि ते खरंही असेल. तक्रार गेली आणि तपासणीला अन्न सुरक्षा अधिकारी मॅडम आल्या. वयानं तात्यांच्या सूनबाईंएवढ्या. त्यांनी आधी स्वयंपाकघर पाहिलं, मोरी पाहिली, डबे उघडून पाहिले आणि मनापासून “छान ठेवलंय” म्हणाल्या. तात्यांनी चहा टाकायला सांगितला. मग मॅडमनी वही मागितली.

“परवा रात्री भात किती वाजता उतरला? उरलेला फ्रिजमध्ये कधी गेला?”

भाताचं असं असतं, त्या सांगू लागल्या, की तांदळातले काही जंतू बीजाणूंच्या रूपानं उकळत्या पाण्यातही तग धरतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात. तो भात दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकला तरी ते विष जात नाही. म्हणून गरम ते साठ अंशांच्या वर, गार ते पाचच्या आत. मधल्या मुक्कामाची वेळ तेवढी लिहून ठेवायची. वहीत ती वेळ असती तर तात्यांचा भात सुटला असता आणि भुर्जीवाल्याकडे बोट दाखवता आलं असतं.

वहीत चार होता. मॅडमनी पान उलटलं, चार. मागचा महिना; चार. त्याच्या मागच्या महिन्यावर त्या थांबल्या.

“तात्या, जूनला एकतीस तारीख कधी आली?”

तात्या क्षणभर गप्प झाले. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, “मॅडम, शपथेवर सांगतो, त्या दिवशीसुद्धा फ्रिज चारवरच होता.”

सुधारणा नोटीस मिळाली. तात्यांना खरा धक्का नोटिशीचा बसला नाही. आपण पहाटेपासून जे घासलं, पुसलं, ओतून दिलं, त्यातलं काहीच सिद्ध करता येत नाही, याचा बसला. एवढ्या वर्षांच्या प्रामाणिकपणाला साक्षीदार कोण, तर एकतीस जून.

सूनबाईंनी सूत्रं हातात घेतली. थर्मामीटर डबीतून काढला, पुसला आणि फ्रिजमध्ये ठेवला. दाराला सुतळीनं पेन बांधलं, शेजारी तारखांचा कागद चिकटवला. पहिल्या सकाळी आकडा आला नऊ.

“बिघडलाय तो,” तात्या म्हणाले. “हळदकुंकू आत गेलं असेल.”

दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी साडेनऊ. मेकॅनिक आला. फ्रिजच्या दाराचं रबर एका कोपऱ्यात केव्हाचं सुटलं होतं. केव्हापासून, ते कुणालाच सांगता येईना, कारण कागदोपत्री फ्रिज ठणठणीत होता. रबर बदललं. आता पारा साडेचार ते पाच यांच्यामध्ये असतो. वीज गेली की सात, आठ असलंही काही उमटतं, आणि पुढे सूनबाई “दूध टाकून दिले” असं लिहितात. तात्यांना ते वाचवत नाही. घरातलं उणंदुणं असं दारावर टांगायचं म्हणजे काय! सूनबाई माहेरी गेल्या की दोन दिवस पुन्हा सगळं चारवर येतं. त्या परतल्या की त्या ओळींवर काट मारून बाजूला लिहितात : “नोंद घेतली नाही.” मॅडम दुसऱ्या तपासणीला आल्या तेव्हा त्यांना सगळ्यात आवडल्या त्या याच ओळी.

पेठेत राहायला आलात आणि मेस लावायची असेल तर तात्यांकडे निर्धास्त लावा. आमटी चांगली असते, पोळी मऊ असते, वांगं सोसावं लागेल. फक्त पैसे भरण्याआधी फ्रिजच्या दारावरचा कागद बघा आणि अक्षर सूनबाईंचं आहे ना, याची खात्री करून घ्या.