पावतीची मागची बाजू कोरी आहे

पेस्ट कंट्रोलवाले साहेब,

सप्रेम नमस्कार लिहायला हात धजत नाही. गेल्या पावसाळ्यात तुमचा माणूस आमच्याकडे झुरळांचं औषध मारून गेला. सरबताच्या जुन्या बाटलीतून त्यानं ते पंपात ओतलं. त्या रात्री आईला मळमळ सुरू झाली, तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

त्यांचा पहिला प्रश्न होता, "औषध कोणतं?" मी तुम्हाला पाच फोन केले. तुम्ही म्हणालात, "आमचं हर्बल आहे." साहेब, कडुलिंबानं बाहुल्या आकसत नाहीत. डॉक्टरांनी लक्षणं ओळखून उतारा म्हणून अॅट्रोपिन दिलं, म्हणून आई आज घरात आहे.

रक्तातलं कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) तपासायचं होतं. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक नेमकं त्यालाच निकामी करतं. नमुना बर्फात घालून दुसऱ्या शहरात गेला. तीन दिवसांनी रिपोर्ट आला: 5,600, नॉर्मलच्या खालच्या काठावर. तेवढाच शब्द धरून तुम्ही हात झटकलेत. पण हे प्रमाण माणसागणिक वेगळं असतं आणि आईचं आधीचं कुणी मोजलं नव्हतं. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर 10,800. म्हणजे त्या रात्री ते जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. लघवीतले विषाचे अंश थोड्याच दिवसांत निघून जातात आणि शोधायचं काय हे लॅबला आधी सांगावं लागतं. तुम्ही गप्प बसलात आणि पुरावा वाहून गेला.

2017 मध्ये यवतमाळात शेतात फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस जण दगावले. तिथंही या साध्या तपासणीची सोय हाताशी नव्हती. त्यातून तुम्ही काय शिकलात?

कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, उताराही छापलेला असतो. तो डबा गिऱ्हाइकाला दाखवायला तुम्हाला कसली भीती वाटते? पुढच्या घरी सीलबंद डबा न्या. पावतीवर रसायनाचं नाव आणि परवाना क्रमांक लिहा.

तुमची पावती माझ्यासमोर आहे: 'वन बीएचके, 900 रुपये.' मागची बाजू कोरी आहे. त्या दिवशी काय फवारलंत, ते तिथं लिहून द्या. आईच्या फाइलला लावायचंय.

एक गिऱ्हाईक