पोट्टा गेला, चुकारा कुठाय?

नोव्हेंबरात आयपीएलच्या अदलाबदलीत संजू सॅमसन चेन्नईला गेला आणि त्याच्या बदल्यात रवींद्र जडेजा न् सॅम करन राजस्थानला गेले, त्या आठवड्यात आमच्या डब्यात टीसी येऊन गेला तरी कोणाला पत्ता लागला नाही. आमचा डबा म्हणजे बडनेऱ्याहून सकाळी अकोल्याकडे निघणाऱ्या गाडीतला, अपडाऊनवाल्यांचा. चेन्नईत आमचं कोणी नाही, राजस्थानशी सोयरिक नाही. पण कुरुम यायच्या आत डब्यात दोन तट पडले आणि मानापर्यंत दोन्ही तटांचा आवाज बसला.

"अठराचा माल चौदात गेला बाप्पा," अकोल्याचे अडत्येबुवा म्हणाले. जडेजाला चेन्नईत 18 कोटी होते, राजस्थाननं 14 वर घेतला. "चार कोटीची कट्टी! मॉइश्चर जास्त निघालं असन."

अडत्येबुवांना जगातला कोणताही व्यवहार कापसाच्या गाडीवर चढवल्याशिवाय समजत नाही. आमचंही तसंच आहे, पण आम्ही ते कबूल करत नाही. बँकवाले भाऊ अमरावतीचे, त्यामुळे ते व्याजाच्या हिशेबानं बोलतात. जडेजाची छत्तिशी सरत आली, संजू नुकताच 31 चा झाला, म्हणजे चेन्नईनं जुनी एफडी मोडून नवी केली. मूर्तिजापूरला उतरणारे गुरुजी तेवढे हळवे. "बारा हंगाम काढले त्यानं तिथं. बारा! आमची बदली पाच वर्षांनी झाली तं आमी आमदाराच्या दारात बसतो."

कोपऱ्यात पीटीचे सर बसतात. रिटायर झाले तरी पास काढतात, कारण घरी हॉकीवर बोलायला कोणी नाही. गाडीतही नाही, पण गाडीत निदान कोणी उठून जाऊ शकत नाही. त्यांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "हरमनप्रीत सिंग कितीले गेला, सांगा."

डबा गप्प.

पॅरिसमध्ये 10 गोल मारून ब्राँझ आणणारा भारताचा कर्णधार. सात वर्षं बंद पडलेली हॉकी लीग पुन्हा उभी राहिली, तिच्या ऑक्टोबर 2024 च्या लिलावात तो सर्वांत महाग खेळाडू ठरला. किंमत 78 लाख. त्यानंतर पुढच्याच महिन्यात जेद्दाहला आयपीएलचा लिलाव झाला आणि आपला जितेश शर्मा 11 कोटींना गेला. "म्हंजे एका जितेशात चौदा हरमनप्रीत," सर म्हणाले, "न् वरून आठ लाख सुटे." लीगच्या त्या हंगामात पुरुषांचे आठ संघ, त्यात महाराष्ट्राचा एकही नाही. "उद्या हॉकीत अशीच अदलाबदल झाली, तं भांडाले मले या गाडीत दुसरा माणूस सापडन का?"

हे अमरावतीच्या माणसानं विचारावं! हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं गाव हे. मंडळाचं पथक 1936 ला बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आलं, आणि त्याच बर्लिनमध्ये ध्यानचंदच्या संघानं जर्मनीला 8-1 नं लोळवलं. आज सरांच्या प्रश्नाला डब्यातून उत्तर आलं ते एवढंच, की चहावाला आला.

तर जितेश.

अमरावतीत गेलं दीड वर्ष कोणाशीही बोलायला सुरुवात केली की तिसऱ्या वाक्याला जितेश येतो. 2022 मध्ये 20 लाखांत पंजाबकडे गेलेला पोट्टा. जेद्दाहच्या हर्रासीत त्याच्यावर बोली चढत 7 कोटींवर गेली, आणि ती होती बेंगळुरूची. पंजाबनं जुन्या मालकाचा हक्क काढला: याच भावात माल आम्हीच ठेवतो. मग नियमानुसार बेंगळुरूला एकच शेवटचा आकडा सांगायचा होता. त्यांनी सांगितला, अकरा. पंजाबनं हात वर केले. अडत्येबुवा हा प्रसंग सांगताना अजूनही उपरण्याखाली दोन हात धरल्याचा अभिनय करतात. "सातचे अकरा एका बोटात! असा गिऱ्हाईक अकोल्याच्या मार्केटात आला असता तं त्याले आमी जावई करून घेतला असता."

आता हा सौदा महाग की स्वस्त? चाहत्याची गंमत अशी की सौदा झाला त्या दिवशी तो महाग असतो आणि पहिली मॅच जिंकली की स्वस्त होतो. 27 मे 2025, लखनौ. 228 चं लक्ष्य, जितेश त्या दिवशी हंगामी कर्णधार, 33 चेंडूंत नाबाद 85. दुसऱ्या दिवशी बँकवाले भाऊ डब्यात शिरले ते जणू रक्कम त्यांच्याच खात्यात जमा झाली होती. पुढच्या मंगळवारी अहमदाबादला अंतिम सामना, समोर कोण? पंजाबच. जितेशनं 10 चेंडूंत 24 काढले आणि बेंगळुरू 6 धावांनी जिंकली. ज्यांनी अकरा कोटी म्हटल्यावर हात वर केले होते त्यांना सहा धावा कमी पडल्या. भाऊंनी त्या रात्री राजकमल चौकात अनोळखी माणसाला गिला वडा खाऊ घातला. तो माणूस अकोल्याचा निघाला, हे त्यांना अजून लागून राहिलंय.

आणि मग पावसाळ्यात बातमी आली. जितेश विदर्भ सोडून बडोद्याकडून खेळणार.

डब्यात सुतक पसरलं. आयपीएलमध्ये कोणी कुठं जावो, ती दुसऱ्याच्या पैशांची मजा. हे मात्र घरातलं भांडं गेलं. गुरुजींनी पहिला प्रश्न विचारला, जो कोणत्याही वऱ्हाडी माणसानं विचारला असता. "मंग आपल्याले बदल्यात काय भेटलं?"

काही नाही. राज्यांच्या क्रिकेटमध्ये अदलाबदल नसते, बोली नसते, कट्टीसुद्धा नसते. खेळाडू अर्ज करतो, संघटना ना हरकत प्रमाणपत्र देते, विषय संपला. बडोद्यानं आपल्याला एखादा फिरकीवाला दिला नाही की भाकरवडीचा डबा दिला नाही.

"माल गेला न् चुकारा नाही?" अडत्येबुवा हादरले. चुकारा बुडणं म्हणजे काय, हे बाजार समितीच्या पायरीवर बसलेल्यालाच कळतं.

"त्याच्यासाठी बराबर आहे ना भाऊ," बँकवाले भाऊ म्हणाले, पण आवाज पडलेला. "पोट्ट्याले संधी पायजे. आपल्या इकडं यष्टिरक्षक दुसरा बी हाये."

"मंग तुम्ही काहून रडून रायले?"

"मी कुठं रडून रायलो? धूळ गेली डोळ्यात."

इकडच्या रस्त्यावर आता धूळ राहिली नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटरचा पट्टा जून 2022 मध्ये साडेचार दिवसांच्या आत डांबरून महामार्गवाल्यांनी गिनेस बुकात नाव घातलं. त्याआधी किती वर्षं तो रस्ता आमचे मणके मोजत होता, त्याची नोंद मात्र कोणत्याच बुकात नाही. असो.

आपण एवढे चिडतो याचं मला मुळीच नवल वाटत नाही. तराजू घेऊन बसायची ही खोड आपल्याला परंपरेनं आली आहे. 1853 मध्ये कंपनी सरकारनं निजामाच्या थकलेल्या देण्यापोटी वऱ्हाड ताब्यात घेतलं. 1902 मध्ये इंग्रज सरकारनं तेच वऱ्हाड वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं. आयपीएलवाले ज्याला लोन म्हणतात ते आम्ही अख्ख्या मुलखासकट भोगलंय, जमीन, पऱ्हाटी, पाटील, पटवारी सगळ्यांसह. कोणी आम्हाला ना हरकत विचारली नव्हती. पुढं 1947 चा अकोला करार, 1953 चा नागपूर करार. कोणी कुठं जायचं आणि बदल्यात काय मिळायचं, त्याचा हिशेब आमच्याकडे अजून चुकता व्हायचाय. तेव्हा डब्यात गुरुजी "बदल्यात काय भेटलं" असं विचारतात, तेव्हा ते फक्त यष्टिरक्षकाबद्दल विचारत नसतात. तसं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "नाई, मी यष्टिरक्षकाबद्दलच इचारलं."

आपणही बाहेरून माणसं आणलीच की. वसीम जाफर 2015 मध्ये मुंबईहून आला, तेव्हा डब्यातल्या लोकांनी म्हातारा बैल विकत घेतला म्हणून बोंब मारली. त्याच बैलानं 1 जानेवारी 2018 ला इंदूरला विजयी फटका मारून विदर्भाला पहिला रणजी करंडक दिला. करुण नायर कर्नाटकातून आला. 2024-25 च्या रणजी अंतिम सामन्यात केरळविरुद्ध त्यानं 86 आणि 135 काढले. तेव्हा "बाहेरचा" हा शब्द नागपुरापासून बुलडाण्यापर्यंत कोणाच्या तोंडी नव्हता. आणि मग गेल्याच वर्षी तोही परत कर्नाटकात गेला. म्हणजे एका पावसाळ्यात जितेश गेला, करुण गेला. अडत्येबुवांनी जाहीर केलं, की यंदा विदर्भाचं दुकान बंद.

गेलेल्यांच्या जागी आला रविकुमार समर्थ. मूळचा कर्नाटकाचाच, मधे उत्तराखंडला जाऊन आलेला. डब्याचा निकाल: भंगाराच्या बदल्यात भांडं घ्यायचं असतं, आपण उलटं केलं.

आता 15 जानेवारी पाहा. संक्रांतीची कर. त्याच दिवशी अमरावती आणि अकोला, दोन्ही महापालिकांचं मतदान. सुट्टी, त्यामुळे गाडी नाही. आम्ही केंद्रापासून शंभर मीटरच्या बाहेर, नियमानं, टपरीवर. बोटाला मार्करची शाई, हातात मोबाईल, मोबाईलवर बेंगळुरूहून विजय हजारे स्पर्धेचा उपांत्य सामना. समोर कर्नाटक, म्हणजे समोर करुण.

खेळाडूंच्या अदलाबदलीवर नाक मुरडणारा मतदार त्या दिवशी काय करून आला होता? एबी फॉर्म हातात पडेपर्यंत आपण नेमके कोणत्या पक्षाचे, हे ज्यांना स्वतःला माहीत नव्हतं अशांमधून चार माणसं निवडून आला होता. क्रिकेटमध्ये निदान अदलाबदलीची मुदत संपली की संपली. इकडं निकालानंतर तर खरी खिडकी उघडते. पण त्यावर टपरीवर कोणी चकार शब्द काढला नाही. चर्चा एकच, करुणला घालवून चूक केली का?

करुणनं 76 काढले. बँकवाले भाऊ म्हणाले, "पाहा!" अकोल्याहून फोनवर अडत्येबुवा म्हणाले, "थांबा." कारण दुसऱ्या टोकानं अकोल्याच्या मैदानावर घडलेला दर्शन नळकांडे पाच बळी घेऊन बसला होता. कर्नाटक 280 वर आटोपलं. विदर्भाकडून अमन मोखाडेनं 138 ठोकले, आणि ज्याला आम्ही भंगार म्हटलं त्या समर्थनं सामना संपवला. किती धावा? नाबाद 76.

शहात्तरला शहात्तर. एवढा बरोबर काटा मी आयुष्यात कोणत्याही मार्केटात पाहिला नाही. वर नाबादचं एक वजन आपल्याकडे जास्तीचं. टपरीवाल्यानं न मागता चहा भरला आणि पैसे मात्र मागून घेतले.

पीटीचे सर तेवढे अलिप्त होते. त्यांनी चार मतं दिली होती आणि एकाही उमेदवाराच्या जाहीरनाम्यात हॉकीचं मैदान नव्हतं, हे चष्मा लावून तपासूनच दिली होती.

18 तारखेला अंतिम सामना, सौराष्ट्राशी. आदल्या वर्षी याच स्पर्धेत करुण आपला कर्णधार होता, त्यानं तब्बल 779 धावा काढल्या आणि अंतिम सामना आपण कर्नाटकाशी हरलो. यंदा करुण नाही, जितेश नाही, आणि विदर्भानं 317 केल्या, 38 धावांनी सामना जिंकला आणि पहिल्यांदा विजय हजारे करंडक आणला. आता बसा वजन करत! यातल्या 128 एकट्या अथर्व तायडेच्या. अथर्व अकोल्याचा. पूर्णपणे अकोल्याचा, जन्मापासून. ऑक्टोबरात इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध 143 काढणाराही तोच. आयपीएलच्या त्याच जेद्दाहच्या बाजारात हैदराबादनं त्याला घेतला होता 30 लाखांना.

सोमवारी गाडीत अडत्येबुवा नवीन पांढरा सदरा घालून आले. पेढे होते. एका पेढ्यामागे एक टोमणा, असा दर होता. "अकरा कोटी तिकडं गेले बडोद्याले, तीस लाखाचा घरी रायला. न् कप कोणं आणला? सांगा ना भाऊ, कोणं आणला?" बँकवाल्या भाऊंनी पेढा घेतला, कारण फुकटचा पेढा नाकारावा इतकी काही अमरावतीची अवस्था वाईट नाही. बोरगाव गेलं तरी ते खिडकीबाहेर पाहत होते. अमरावतीला विमान सुरू झालं आणि अकोल्याच्या शिवणीला अजून नाही, हा हुकमी एक्का त्यांच्या ओठावर आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला.

गाडी अकोल्यात शिरली, सगळे दारात उभे राहिले. अडत्येबुवांनी रिकामा पेढ्याचा पुडा चुरगाळला, फलाटावर पाय ठेवला आणि अचानक मागं वळून, आवाज खाली आणून, भाऊंना विचारलं, "तुमचं तिकडं बँकेत समदं कळते म्हून इचारतो. तायड्यानं एनओसी तं नाही ना मांगतली?"