ऋतुमानानुसार टायर

मुंबईतल्या स्पोर्ट्‌स कारवाल्यांची दूरदृष्टी वाखाणण्याजोगी आहे. पारा ७ अंशांखाली गेला की समर टायरचं रबर कडक होतं, पकड सुटते, हे त्यांना तोंडपाठ. सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंश, तोही १९६२चा. म्हणजे शहर बचावलं ते अवघ्या ०.४ अंशाने! तेव्हा विंटर टायरचा एक संच माळ्यावर असलेला बरा.

एप्रिल-मेसाठी सेमी-स्लिक. खाचा नावापुरत्या, रबर तापलं की डांबराला चिकटतं. ते तापायला वेग हवा, म्हणून वर ३००च्या पुढचा वेग सोसणारा कंसातला ‘वाय’ शिक्का. सागरी किनारा मार्गावर मर्यादा ८०ची. उरलेले २२० टायरने मनातल्या मनात धावावेत.

पावसाळ्याचा निर्णय मात्र निखळ शास्त्रीय. पाणी बाजूला फेकायला खोल खाचा हव्यात, मान्य. पण खाचा मिलिमीटरमध्ये असतात आणि खड्डे नसतात. बुटका टायर आत गेला की अलॉय व्हीलसकट जातो. म्हणून जून ते सप्टेंबर गाडी तिसऱ्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये (तळघरात पाणी भरतं), कव्हरखाली, चारही टायरांत नेमकी हवा राखून. मालक रिक्षाने जातात. तिचे टायर बाराही महिने सेमी-स्लिक, आणि तेही तीनच.