भाऊकाकांचं इन्स्पेक्शन

भाऊकाका हॉटेलात जेवायला जात नाहीत. ते हॉटेल तपासायला जातात, जेवण मध्ये येतं.

त्यांची सगळी नोकरी बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात गेली. शाखेत शिरलं की मॅनेजरने मागवलेल्या चहाला हात लावण्याआधी कॅश मोजायची, हा त्यांचा शिरस्ता. निवृत्तीनंतर शाखा सुटल्या, शिरस्ता सुटला नाही, आणि तो पुण्यातल्या हॉटेलवाल्यांच्या वाट्याला आला. असे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. कुठे ते मामा असतात, कुठे थोरले मेहुणे. हल्ली तर ऑफिसातून जेवायला निघालेल्या घोळक्यात तिशीच्या आतले काकाही दिसायला लागलेत. पण जातिवंत नमुना पाहायचा तर कोथरूडलाच यायला हवं. मी त्यांचा शेजारी आणि माझी गाडी मोठी, त्यामुळे प्रत्येक तपासणीला मला सन्मानाने बोलावलं जातं.

तपासणीची सुरुवात घरातच होते. "कुठे जायचं?" असं काका विचारतात. काकू म्हणतात, "कुठेही चला." मग मुलगा एक नाव घेतो. "तिथे मागच्या खेपेला रोटी चिवट होती." सूनबाई दुसरं नाव घेते. "तिथे गाडी लावायला पार नदीपर्यंत जावं लागतं." मी भीतभीत तिसरं सुचवतो. "अरे, तिथला आचारी सोडून गेला." आचारी सोडून गेल्याची बातमी काकांना मालकाच्याही आधी कळते, कशी ते कुणाला ठाऊक नाही. शेवटी काकांनी सकाळीच मनात नक्की केलेल्या हॉटेलात आम्ही सगळे एकमताने जातो.

तिथे पोचल्यावर टेबल. एसीच्या झोतात नको, बेसिनपाशी नको, किचनच्या दाराशी तर नकोच. तिसऱ्या टेबलावर आम्ही एकदाचे टेकतो, तेव्हा पहिल्या टेबलावर आमच्यानंतर आलेल्या कुटुंबाचं सूप संपत आलेलं असतं. काका ते पाहतात आणि मनात नोंद करतात: सर्व्हिस पक्षपाती.

वेटर येतो आणि विचारतो, "बिसलरी या रेग्युलर?" या क्षणासाठी काका घरून निघालेले असतात. "साधं!" हे ते अशा आवाजात म्हणतात की शेजारच्या टेबलावर बाटली फोडून बसलेल्या माणसाला अपराधी वाटावं. मग साधं पाणी फुकट मिळालंच पाहिजे हे पटवण्यासाठी आम्हाला १८६७ सालचा सराई कायदा ऐकावा लागतो. त्या कायद्यात नेमकं काय लिहिलंय हे वेटरला माहीत नसतं, मला माहीत नाही, आणि काकांनाही असेल अशी माझी खात्री नाही, पण साल ऐकून सगळेच गप्प बसतात. हॉटेलात पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्तीने विकली तरी चालेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला, तो काकांनी अजून मान्य केलेला नाही.

वेटर बहुधा ओडिशाचा नाहीतर नेपाळचा असतो, म्हणून काका हिंदीत शिरतात. "पानी साधा लाव, लेकिन गिलास जरा विसळ के लाव." पोरगा मान डोलावतो, कारण त्याला समजलेलं असतं. पुण्यात एक हंगाम काढला की हे हिंदी कुणालाही येतं. पुढे ते आणखी रंगतं. "वो बाजूवाला हमारे मागाहून आया और उसका पापड पहिले कैसा आया?" यावर उत्तर नसतं. पापड येतो.

मसाला पापड ही काकांची आवडती केस. समोर येताच ते जमाखर्च मांडतात: पापड पाच रुपयांचा, कांदा-टोमॅटो तीन-चार रुपयांचे, शेव चिमूटभर, चाट मसाला हवेवर, आणि लावले नव्वद! "नफा बघ, नफा!" असं ते मला म्हणतात, जणू मी त्या धंद्यात भागीदार आहे. एकदा काकूंनी शांतपणे विचारलं, "अहो, आणि जागेचं भाडं? गॅस? या पोराचा पगार? तुम्ही अडवलेली ही खुर्ची?" त्या दिवशी काकांनी दुसरा पापड मागवला.

मग मेन्यूकार्ड. ते काका पुरवणीसकट वाचतात, शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या सूचनांसह. त्यांचा तीन ग्रेव्ह्यांचा सिद्धांत मी इतक्यांदा ऐकलाय की मला तो पाठ आहे, आणि हॉटेलात काम केलेल्या एका मित्राने तो खरा असल्याचं मला सांगितलंय. सकाळी मोठ्या पातेल्यांत एक टोमॅटो-काजूची लाल ग्रेव्ही होते, एक काजू-मगजबीची पांढरी, आणि एक कांदा परतून केलेली तपकिरी. दिवसभर जे काही चालतं ते या तिघींच्या जिवावर. लालमध्ये बटर आणि क्रीम पडलं की पनीर बटर मसाला, ढोबळी मिरचीचे चौकोन आणि कुटलेले धणे पडले की कढाई, लाल-पांढरी एकत्र आल्या की एखादं शाही नाव. तपकिरीत भाज्या सोडून वर एक सुकी लाल मिरची तळून ठेवली की व्हेज कोल्हापुरी, जी कोल्हापुरात कुणाच्या घरी शिजल्याचं आजवर ऐकिवात नाही. हे सगळं साद्यंत सांगून झालं की काका कार्ड मिटतात आणि पनीर बटर मसाला मागवतात. "पोरांना आवडतं," असं कारण देतात. पोरगा सत्तावीस वर्षांचा आहे.

भाजी आली की तिला कुणी हात लावायचा नाही. काका डाव घालून तळ गाठतात, एक फेरी मारतात आणि जाहीर करतात, "सात." आम्ही पाच. म्हणजे प्रत्येकाच्या ताटात पनीरचा एकेक तुकडा पडतो आणि दोन उरतात. ते दोन तुकडे त्या वाडग्यात अर्धा तास बसून राहतात. मुलगा त्यांच्या कडेकडेने ग्रेव्ही घेतो. सूनबाई वाडगा माझ्याकडे सरकवते, मी काकांकडे सरकवतो, काका म्हणतात, "घ्या हो, लाजता काय." आणि कुणीच घेत नाही. शेवटी ग्रेव्ही आटून ते दोघे अगदी उघडे पडतात, तेव्हा काकू ते आपल्या ताटात ओढतात, "वाया कशाला घालवायचे." काकूंना पनीर आवडतं, हे त्या घरात अजून कुणाला कळलेलं नाही.

पहिला घास घेतल्यावर काका क्षणभर डोळे मिटतात. तेवढा वेळ आमचेही घास अडलेले असतात. निकाल साधारणपणे चार प्रकारचा असतो. "मीठ मारलंय." "तेल बघ, तेल," हे ताट तिरकं करून. "ठीक." आणि क्वचित, फार क्वचित, "बरं आहे." 'बरं आहे' मिळालेल्या हॉटेलांत लोक वाट बघत बाहेर उभे असतात, असा माझा अनुभव आहे. "पूर्वीसारखी चव राहिली नाही" हा निकाल मात्र घास घेण्याआधीही देता येतो.

पण काकांची खरी विद्वत्ता दिसते ती मिसळीत. मिसळीसाठी ते आणि मी अर्धा महाराष्ट्र हिंडलोय. कोल्हापुरात स्लाइस ब्रेड आणि वर कट. नाशिकला पापड आणि दह्याची वाटी. नागपूरकडे तर्री. ठाण्याला मामलेदार कचेरीच्या शेजारी असल्यामुळे तेच नाव पडलेली मामलेदार मिसळ, जी खाताना मामलेदारासमोर उभं राहिल्यासारखाच घाम फुटतो. आणि घरी नारायण पेठेत बेडेकरांची, जिच्या बाकावर बसण्यासाठी रविवारी सकाळी रस्त्यावर उभं राहावं लागतं. काकांचा न्याय असा की कोल्हापुरात बसून ते म्हणतात, "नुसतं तिखट म्हणजे चव नव्हे, आमच्याकडे बघा." पुण्यात बसलं की, "याला मिसळ म्हणायचं? कोल्हापूरला जाऊन या एकदा." नाशिकच्या मळ्यातल्या झाडाखाली त्यांना ठाण्याची आठवण आली होती. समोर असलेली मिसळ त्यांना कधीच पसंत पडत नाही. दादरच्या 'आस्वाद'ची मिसळ २०१५ साली लंडनमध्ये जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली, ती बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. काका पेपर खाली ठेवून म्हणाले, "लंडनवाल्यांनी सॅम्पल मागून घेतलं होतं का?"

बिल हा तपासणीचा कळस. इथे काका चष्मा बदलतात. जीएसटी पाच टक्के, त्यात अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. नोव्हेंबर २०१७ च्या आधी एसी हॉटेलात तो अठरा टक्के होता, याची आठवण ते बिलागणिक करून देतात. मालक कंपोझिशन योजनेतला असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही, म्हणून तीही चौकशी होते. सर्व्हिस चार्ज दिसला, तर बाकीच्यांनी पान खाऊन यावं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं काकांच्या मोबाइलमध्ये आहेत, आणि ती मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उचलून धरल्यापासून काकांचा आवाज आणखी खणखणीत झालाय. खरं सांगायचं तर या बाबतीत काका बरोबर असतात, आणि बाकीच्या टेबलांवरचे लोक कान देऊन ऐकत असतात.

बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर हवा, हा २०२२ पासूनचा नियम. काका आकडे मोजतात. एकदा तेरा भरले. मॅनेजर आला. घरून मालक आला. परवान्याची चौकट भिंतीवरून उतरवली गेली. चौदावा आकडा काकांच्या अंगठ्याखाली निघाला. एवढं झालं तरी बिल दुसऱ्या कुणाला देऊ द्यायचं नाही, हाही काकांचा नियम. मी खिशात हात घातला तर ते माझं मनगट धरतात, आणि पकड अजून घट्ट आहे.

घरी आल्यावर अहवाल. मुलाने त्यांना गुगलवर परीक्षण लिहायला शिकवलं, ही त्या मुलाची चूक. फोटोला पाच गुण, परीक्षणाला दहा, मजकूर दोनशे अक्षरांच्या पुढे गेला की आणखी दहा. या गुणांवर गुगलने काकांना दिलेली पातळी सातवी आहे. मिशेलिन गाइडचे तपासनीस ओळख लपवून जेवतात, आमचे काका गल्ल्यावर पातळी सांगून बसतात. त्यांचा मजकूर असा असतो: "रोटी गरम. डाळ पातळ. वेटर नम्र, परंतु विसराळू. मालक मोबाइलवर बोलत होते. बेसिनला साबण होता, टॉवेल ओला. बडीशेप समाधानकारक. तीन तारे." एका हॉटेलवाल्याने खाली आभार मानून "पुन्हा या" असं लिहिलं. काका पुन्हा गेले. टॉवेल पाहायला.

एवढ्या कडक माणसाचा एका हॉटेलवर मात्र जीव होता. पेठेतलं जुनं उडुपी हॉटेल. तिथला सांबार गोडसर पाणी, डोशाच्या कडा वातड, टेबलाच्या संगमरवराला आरपार भेग. काका तिथे काहीही मोजत नसत. चटणी आंबली होती तेव्हा म्हणाले, "पावसाळी हवा आहे." डोसा करपला तेव्हा म्हणाले, "खरपूस छान लागतो." कारण काय, तर आत शिरताना गल्ल्यावरचे अण्णा मान वर करून म्हणायचे, "काय साहेब, बऱ्याच दिवसांनी!" आणि न सांगता कमी साखरेची कॉफी यायची. काका परवा येऊन गेलेले असले तरी अण्णा 'बऱ्याच दिवसांनी'च म्हणत. आमच्या टेबलापुरतंच नव्हे, येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत. हे मी काकांना कधी सांगितलं नाही.

यंदा अण्णा गावी गेले आणि गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसला. चांगला शिकलेला, चुणचुणीत पोरगा. भेगेचं टेबल बदललं, भिंती धुतल्या, मेन्यूकार्ड काढून टेबलावर क्यूआर कोड चिकटवला. आम्ही चौघं गेलो तेव्हा त्याने हसून विचारलं, "किती जण, सर? वेटिंगला नाव देता?" काका थबकले. मग त्यांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून सांगितलं. पोराने लिहिलं, "भाऊ, चार."

जेवण खरंच चांगलं होतं. सांबाराला पहिल्यांदाच डाळ लागली होती, डोसा कुरकुरीत होता. मी चाटूनपुसून खाल्लं. काका कॉफी येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत, आणि कॉफी साखरेची आली. रात्री परीक्षण पडलं: "दोन तारे. पूर्वीसारखी चव राहिली नाही. आचारी बदललेला दिसतो." आचारी तोच आहे. निघताना त्याने किचनच्या खिडकीतून काकांना हात केला होता.

तुमच्याही नात्यात असे काका असतील, तर बोलावतील तेव्हा जरूर जा. हॉटेल ते चांगलंच निवडतात, बिलात तुमचा एक रुपया फुकट जाऊ देत नाहीत, आणि ते बिल स्वतः देतात. फक्त निघण्याआधी घरी दोन घास खाऊन घ्या. ऑर्डर जायलाच पाऊण तास लागतो.